सातवं खंड

चौथ्या श्रीखंडावर लाल फुली मारून अपर्णाने पेन खाली ठेवलं.

पहिल्यांदा हा शब्द दिसला तेव्हा तिला वाटलं होतं, कोणीतरी वात्रटपणा केलाय. सहावीचा वर्ग म्हटला की एखादा दिवटा असायचाच. पण दुसरं श्रीखंड पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचं निघालं, आणि तिसऱ्याने तर त्याच्याखाली पट्टी धरून रेघ मारली होती. प्रश्न साधा होता. 'पृथ्वी के सात खंडों के नाम लिखिए.' सात नावं, सात गुण. उत्तरं मात्र घोटून घेतल्यासारखी एकसारखी आली होती: उत्तराखंड, झारखंड, बुंदेलखंड, बघेलखंड, रुहेलखंड. इथवर सगळा वर्ग न अडखळता आला होता. सहाव्या जागी बहुतेकांनी विकासखंड, म्हणजे सरकारी ब्लॉक, बसवलं होतं. सातव्या जागी ज्याचं त्याचं नशीब. एकाने पाखंड लिहिलं होतं, एकाने अखंड भारत, आणि ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी श्रीखंड.

हीच मुलं गेल्या महिन्यात नकाशावर नाईल नदी उगमापासून मुखापर्यंत बोटाने दाखवत होती. त्यांना आशिया, आफ्रिका येऊ नये? अपर्णाला काही सुधरेना. तिने गठ्ठ्यातून मधलेच तीन पेपर ओढून पाहिले. तिथेही बुंदेलखंड होतंच.

अमेय कारखान्यातली पहिली पाळी संपवून घरी आला, हात धुऊन तिच्यामागे उभा राहिला आणि पेपर वाचता वाचता इतका हसला की तसाच ओल्या हातांनी खुर्चीवर बसला.

"हसतोस काय? अख्ख्या वर्गाला पृथ्वी कळलेली नाहीये."

"पृथ्वी कळलीय गं त्यांना. तू विचारलंयस काय? खंड. इथे खंड कोण म्हणतं? महाद्वीप म्हणतात."

"महाद्वीप म्हणजे मोठं बेट."

"ते तुझ्या कराडला. इथे महाद्वीप म्हणजे खंड, आणि खंड म्हणजे हे असं." त्याने पेपर उचलून तिच्यासमोर धरला. "पोरांनी जीव तोडून सात शोधलेत यार. सातवं तर बिट्टन मार्केटात पाव किलोच्या डब्यात मिळतं."

अपर्णा हसली नाही. अमेयचा जन्मच भोपाळचा, त्याला दोन्हीकडचे शब्द आपोआप यायचे, जसं दोन्ही हातांनी जेवता यावं. ती कराडच्या मराठी शाळेत शिकली होती, तिथेच पाच वर्षं भूगोल शिकवला होता आणि लग्न होऊन इंद्रपुरीतल्या या दोन खोल्यांत आल्यावर वर्षभर नुसती बसून राहिली होती. दुपारी दारावर येणाऱ्या भाजीवाल्याशी ती उगाच बोलत बसायची, कारण शिकवायची सवय असलेल्या माणसाचा आवाज दिवसभर गळ्यातच राहिला की त्याचं करायचं काय तेच कळत नाही. मग राखीपौर्णिमेनंतर जवळच्या हिंदी शाळेत सामाजिक विज्ञानाच्या बाई मध्येच सोडून गेल्या आणि हिला जागा मिळाली. प्राचार्य सक्सेना सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अर्धवार्षिक परीक्षेपर्यंत बघू, मग पक्कं करू.

तिथून पुढे चार महिने ती शब्दांना ठेचकाळत होती. लिपी तीच, शब्द तोच आणि अर्थ भलताच. पहिल्या तासाला ती म्हणाली, "सब खाली बैठो", आणि मुलांनी आनंदाने वह्या मिटल्या, कारण खाली बसणं म्हणजे इथे काहीही न करता बसणं. गृहपाठ केला नाही तर शिक्षा मिळेल, अशी दमदाटी केली तेव्हा मागून एकजण म्हणाला, "वही तो लेने आए हैं, मैडम." शिक्षा म्हणजे इथे शिक्षण. धड्याचं नाव होतं मेसोपोटेमियाची सभ्यता. संस्कृतीला इथे सभ्यता म्हणत; तिच्या कानाला सभ्यता म्हणजे पाहुण्यांकडे गेल्यावर दाखवायची गोष्ट. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या लोकांच्या चांगल्या वागणुकीवर एवढा मोठा धडा कशाला, असं तिला क्षणभर खरंच वाटून गेलं होतं. इजिप्तला ही मुलं मिस्र म्हणत. चीन तेवढा दोन्हीकडे चीन होता, त्या आठवड्यात तिला जरा बरं वाटलं.

खंडांचा धडा मात्र आधीच्या बाई जुलैतच संपवून गेल्या होत्या. प्रश्न काढताना अपर्णाने पुस्तक उघडलंही नाही. कराडला पाच वर्षं शिकवलेला धडा, त्यात बघायचं काय? सक्सेना सरांनी पेपर छापायला जाण्याआधी त्यावर सही केली होती. सही करताना वाचायचं असतं असा काही त्यांचा नियम नव्हता. पेपरच्या दिवशी ती वर्गात चक्कर मारून आली होती, "किसी को कुछ पूछना है?" असं विचारलंही होतं. एकानेही हात वर केला नाही. करतील कशाला, प्रत्येकाला प्रश्न समजला होता.

"सगळ्यांना सात देऊन टाक आणि विषय संपव," अमेय म्हणाला.

"श्रीखंडाला एक गुण देऊ?"

"मग सरांना जाऊन सांग, चुकलं म्हणून."

सांगायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण चूक सांगायची म्हणजे चार महिन्यांच्या सगळ्या हशावर आपणच शिक्का मारायचा. ती पुढचे पेपर तपासत राहिली आणि अडतिसापैकी एकतिसाव्या पेपराला तिचा हात थांबला.

आशिया, आफ्रिका, युरोप, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका.

तिने नाव पाहिलं. मानसी रघुवंशी. खिडकीजवळ, शेवटून दुसरा बाक.

"बघ," ती अमेयला म्हणाली, "एकीला आलं. म्हणजे शब्द अगदीच चुकीचा नव्हता."

अमेयने पेपर निरखून पाहिला. "इथे एशिया लिहितात, अफ्रीका लिहितात. आशिया कोण लिहितं?"

मानसी रघुवंशी अपर्णाला चांगलीच माहीत होती. तास संपून ती वर्गाबाहेर पडली की मागून तिचीच नक्कल ऐकू यायची, आणि ती ह्या मुलीच्या आवाजात असायची. "ऐ बाळांनो, खाली बैठो." बाळांनो मधला ळ तर असा चोख की अपर्णा एकदा दाराबाहेर थबकली होती. इथल्या मुलांच्या जिभेला ळ वळत नसे, ही मुलगी कशी म्हणते हा प्रश्न तिला पडला होता, पण रागापुढे तो टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सक्सेना सरांसमोर उभी राहिली आणि वाक्यं मनात तीनदा जुळवून म्हणाली की प्रश्नातला शब्द बरोबर नव्हता, मुलं गोंधळली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"किसी एक ने भी सही लिखा?"

"एक लड़की ने लिखा, सर."

"तो फिर सवाल ग़लत कैसे हुआ? एक पढ़कर आई थी, बाकी नहीं आए. पेपर आज घर भेजिए, माँ-बाप के दस्तखत करवाइए. और शनिवार को अपना लेटर ले जाइए."

ती बाहेर आली तेव्हा तिला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. सदतीस मुलांचे सात सात गुण एका मुलीच्या उत्तराने गिळले होते आणि त्यावर तिची नोकरी उभी राहिली होती. पण नोकरी उभी राहिली होती, हेही खरंच. कोणाचं चुकलं, किती चुकलं आणि आता ते कोणाला सांगायचं, याचा तिला काही केल्या उलगडा होईना.

मधल्या सुट्टीत तिने मानसीला नळाजवळ एकटी गाठली आणि कसलीही तयारी न करता विचारलं,

"तुला मराठी येतं का गं?"

"नहीं मैडम," मानसी झटकन म्हणाली आणि बाटली अर्धीच भरून पळाली.

अपर्णा नळाशी उभी राहिली. प्रश्न मराठीत विचारला होता, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

शनिवारी ती शाळेच्या फाटकातून आत येत होती तेव्हा मानसी भिंतीच्या कडेने तिच्या बरोबरीने चालू लागली. डिसेंबरातली थंडी होती, मुलीने स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या होत्या. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती एका दमात बोलली, आणि मराठीत बोलली.

"मॅडम, पप्पांनी पेपर बघितला. ते सरांकडे येऊन बसलेत. त्यांना सांगू नका ना."

"काय सांगू नको?"

"आई फोनवर भूगोल घेते माझा. इतिहास पण. काकूंच्या फोनवरून, शेजारच्या. ती वरुडला असते, दोन वर्षं झाली. पप्पांनी तिच्याशी बोलायला मना केलंय."

अपर्णाला एवढ्या गोष्टी एकदम कुठे ठेवाव्यात कळेना. "मग तू उत्तर असं का लिहिलंस? पुस्तकात होतं तसं लिहायचं."

"पेपरात खंड लिहिलेलं बघितलं ना, मला वाटलं आईच विचारतेय." मुलगी खाली बघत होती. "मग तिला सांगते तसंच लिहिलं. पप्पा ओळखतात तिचे शब्द. कळलं तर काकूंकडे जाणं बंद होईल."

शिपाई त्यांच्याच दिशेने येताना दिसला. मानसी लगेच दोन पावलं मागे राहिली आणि दुसऱ्याच कोणाबरोबर चालल्यासारखी मैदानाकडे वळली. चार महिने ही मुलगी आपल्याला चिडवत होती, की आपल्या निमित्ताने चार मराठी शब्द मोठ्याने म्हणून घेत होती, अपर्णाला आता सांगता आलं नसतं.

शिपायाने निरोप दिला. सरांनी बोलावलं होतं.

तिथवर जाताना तिने मनाशी एक राक्षस तयार केला होता. सरांसमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस अगदी साधा निघाला. मांडीवर हेल्मेट, डोळे झोप न झाल्यासारखे, आणि हातात तो पेपर, घडी जपून घातलेला. नवरा-बायकोत काय झालं असेल, कोणी कोणाला सोडलं असेल, हे अपर्णाला माहीत नव्हतं आणि त्याच्याकडे पाहून कळतही नव्हतं. सरांच्या टेबलावर, काचेच्या गोळ्याखाली, तिच्या नावाचं पक्क्या नेमणुकीचं पत्र होतं. तिला उलटं वाचता येत होतं.

"मैडम, बस एक बात पूछनी थी," रघुवंशी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "ये मेरी बच्ची ने लिखा है. आशिया. आफ्रिका. हमारे यहाँ ऐसे कोई नहीं लिखता. ये इसको किसने सिखाया?"

"अरे, मैडम ने ही पढ़ाया होगा," सर हसून म्हणाले. "महाराष्ट्र की हैं. क्यों मैडम?"

"जी," अपर्णा म्हणाली.

"क्लास में?"

"जी."

"तो बाकी बच्चों ने क्यों नहीं लिखा?" त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि एक फोटो उघडून टेबलावर ठेवला. "हमारे सामने वाले घर का लड़का भी इसी क्लास में है. उसने श्रीखंड लिखा है."

सरांनी वाकून फोटो पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कमी झालं आणि त्यांनी अपर्णाकडे पाहिलं. पेपर बहुतेक त्यांनी आत्ता पहिल्यांदाच वाचला होता.

पता नहीं, एवढे दोन शब्द पुरेसे होते. आधीचं जी मागे घ्यायचं, मुलीने कुठून तरी शिकून घेतलं असेल, मला काय माहीत. असं म्हटलं की प्रश्न बरोबर ठरत होता, पत्र गोळ्याखालून निघून तिच्या हातात येत होतं आणि सोमवारी ती नव्या धड्याला सुरुवात करणार होती. दोन्ही भाषांत हे सोपंच वाक्य होतं. आणि संध्याकाळी शेजारच्या काकूंचं दार एका मुलीसाठी बंद होणार होतं. कोणाच्या घरात आपण शिरतोय, बरोबर करतोय की भलतंच काही, तिला अजिबात ठाऊक नव्हतं. तिला फक्त ती स्वेटरमध्ये ओढलेली बोटं दिसत होती.

"क्लास में नहीं," ती म्हणाली. "परीक्षा में. मैं राउंड पर आई थी, तब इसने पूछा, मैडम, खंड मतलब क्या. मैंने कान में बता दिया."

"मतलब बता दिया?" सरांनी विचारलं.

"नाम भी बता दिए. जैसे मैं बोलती हूँ, वैसे ही इसने लिख लिए."

"सातों?"

"सातों."

"और बाकी सैंतीस बच्चे?"

"उनको नहीं बताया, सर."

चार महिन्यांत पहिल्यांदाच तिची हिंदी कुठे अडखळली नाही, आणि हे तिला बोलता बोलताच जाणवलं.

रघुवंशी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, ते आता पुढचा प्रश्न विचारतील आणि सगळं उघडं पडेल. पण त्यांनी पेपरची घडी उलगडली, एकदा पाहिलं आणि पुन्हा घातली.

"इसकी माँ भी आशिया ही लिखती थी," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. "मैंने सोचा..." हेल्मेट उचलून ते दारापर्यंत गेले आणि तिथून सरांना म्हणाले, "इसके सात नंबर काट लीजिए. ऐसे नंबर हमको नहीं चाहिए."

दार लागलं. बाहेर घंटा झाली, मुलं रांगेत उभी राहताना जो गलका करतात तो सुरू झाला. सक्सेना सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी काचेचा गोळा बाजूला सरकवला, पत्र काढलं आणि खणात ठेवलं. रागावलेल्यापेक्षा ते दमलेले दिसत होते.

"सबको सात-सात नंबर देने पड़ेंगे अब," ते म्हणाले. "और ये जो आपने अभी कहा, लिखकर दीजिए. मैनेजमेंट पूछेगा. हिंदी में लिखिएगा."

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. अपर्णा रघुवंशींच्या खुर्चीत बसली. तारीख लिहिली. सेवा में, प्राचार्य महोदय. विनम्र निवेदन आहे, असं लिहून तिने 'आहे' खोडलं आणि 'है' केलं. परीक्षेच्या दिवशी आपण वर्गात गेलो, एका विद्यार्थिनीने हात वर केला, इथपर्यंत न झालेली गोष्ट तिने सरळ लिहून काढली. मग आपण केलं ते काय, त्याला नाव द्यायची वेळ आली. शब्द तिला लगेच सुचला, पण सुचला तो मराठीत, आणि आता तिचा कुठल्याच शब्दावर भरवसा उरला नव्हता. ती पेन धरून थांबली.

"क्या हुआ?" सरांनी विचारलं.

"सर, पक्षपात को हिंदी में क्या कहते हैं?"

सरांनी मान वर केली.

"पक्षपात ही कहते हैं, मैडम."

"मतलब भी वही?"

"वही."

अपर्णाने मान हलवली आणि तो शब्द लिहिला.